माझ्या पाटीवर ‘झेरॉक्स’ लिहिलंय, म्हणून मी बोलणार

मावशीचा फोन आला तेव्हा मी एका वकिलाच्या जाडजूड फायलीच्या प्रती काढत होतो. “अरे, कंपनीचा माणूस बोलत होता, मधेच कट झाला. आता लागत नाही. तुझ्या दुकानातून लावून बघशील?” कसली कंपनी, विचारलं. तिने एका मोठ्या ऑनलाइन दुकानाचं नाव घेतलं. नंबर कुठे मिळाला? “नेटवर शोधला. त्या मेसेजमध्ये तसंच लिहिलंय ना!”

तो मेसेज. गेले पंधरा दिवस आमच्या गोव्यातल्या वाळपईच्या एकूण एक ग्रुपवर तो फिरतोय. भजनी मंडळाच्या, वाड्याच्या, शाळेच्या जुन्या पोरांच्या. वर ‘घरोघरी पोचलेलं नाव’ असा मथळा, खाली सात मुद्दे, तळाला जोडलेले हात आणि ‘एक अभ्यासक’ अशी सही. मी तो दोनदा बघून सोडून दिला होता. लोकांना रिकामपण असतं, लिहू देत, म्हटलं. पण आता तो माझ्या मावशीच्या बँक खात्यापर्यंत जाऊन आलाय, तेव्हा गप्प बसण्यात अर्थ नाही.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगतो. अभ्यासकांचं म्हणणं असं: ॲमेझॉन हे आता गोव्यातल्या घराघरातलं नाव झालं आहे. लोक ‘ऑनलाइन मागव’ म्हणत नाहीत, ‘ॲमेझॉन कर’ म्हणतात, जसं झेरॉक्स किंवा डालडा. भारतात ऑनलाइन खरेदी याच कंपनीने आणली. तीही जाहिरात न करता, निव्वळ तोंडातोंडी. नाव असं घरोघरी झालं की कायद्याने ते कंपनीचं राहत नाही, सगळ्यांचं होतं. तिथे मिळणारा माल कंपनीचाच असल्यामुळे डोळे झाकून घ्यावा. घरचं नाव म्हणजे घरचंच माणूस, म्हणून त्या नावाने फोन आल्यास न घाबरता सांगतील तसं करावं आणि पार्सल अडकल्यास नंबर नेटवर शोधून लगेच फोन लावावा. सातवं, गोव्याचे बाजार संपले.

क्रमाने जात नाही. सहाव्यापासून सुरू करतो, कारण बाकीचे सहा निव्वळ चुकीचे आहेत आणि हा एक माणसाला बुडवणारा आहे.

मावशीचं घर वाळपईपासून आत. तिच्या घरात मोबाइलची रेंज फक्त अंगणात, तुळशीजवळ येते. घरातून कुणी बोलायला लागलं की तुळशीभोवती प्रदक्षिणा घालत बोलतं, आम्हाला त्याची सवय आहे. तिने नारळ खवणायचं यंत्र मागवलं होतं, हँडल फिरवायचं, ओट्याला चिकटणारं. जमिनीवर बसून आदोळीवर खवणं आता गुडघ्यांना झेपत नाही. किंमत ६४९ रुपये, पैसे आधीच भरलेले. आठ दिवस झाले, पत्ता नाही. कुठून मागवलं ते इथे सांगत नाही, कारण उशीर कुणाकडूनही होतो आणि पुढे जे झालं त्यात त्या दुकानाचा हात नव्हता.

मेसेजप्रमाणे तिने नंबर शोधला. पहिलाच जो दिसला तो लावला. पलीकडचा माणूस हिंदीत अतिशय अदबीने बोलला. पार्सल हरवलंय, पैसे परत देतो, फक्त एक छोटं ॲप घ्या म्हणजे मला तुमची स्क्रीन दिसेल. तिने घेतलं. मग म्हणाला, आता बँकेचं ॲप उघडा आणि पैसे जमा होण्यासाठी तुमचा पिन टाका. पिन एका वहीत लिहिलेला, वही कपाटात, आणि ती वाचायला चष्मा हवा. चष्मा आणायला मावशी फोन कानाला लावून घरात गेली आणि रेंज गेली.

एवढंच. तिच्या शहाणपणाने नव्हे, माझ्या नव्हे, बँकेच्याही नव्हे. आमच्या सत्तरी तालुक्यातल्या रेंजने तिचे पैसे वाचवले. ज्या रेंजला आम्ही रोज शिव्या घालतो तिने. शटर अर्धं ओढून मी स्कूटर घेतली, जाऊन आधी तो फोन बंद केला, मग ते ॲप काढून टाकलं, बँकेत कळवून पिन बदलून घेतला. आणि तिला विचारलं, “तुला शंका कशी आली नाही?” तर म्हणाली, “नाव ओळखीचं होतं ना.”

इथेच तर सगळी गोची आहे. नाव ठाऊक असणं वेगळं आणि ओळख असणं वेगळं. आमच्याकडे सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, येतो, सायकलचा भोंगा वाजवत. त्याच्या बेकरीचं नाव विचाराल तर वाड्यातल्या अर्ध्या लोकांना सांगता येणार नाही, पण तो पदेर सगळ्यांना ओळखीचा. चार दिवस आला नाही तर त्याच्या घरी निरोप जातो. ऑनलाइन दुकानाचं उलटं. नाव शेंबड्या पोरालाही ठाऊक, माणूस एकही ओळखीचा नाही. भामट्यांना नेमकं असंच नाव लागतं. जे नाव कुणाला माहीत नाही ते घेऊन कोण कशाला फोन करील? म्हणजे नाव जितकं घरोघरी, तितकं त्या नावाच्या फोनला जास्त घाबरायला हवं. अभ्यासकांनी गणित बरोबर उलटं मांडलंय.

आणि नेटवर शोधलेला नंबर? तो तिथे कुणीही ठेवू शकतो. खोटं पान बनवून, नकाशावर खोटं ऑफिस टाकून, कुठल्या तरी तक्रारीखाली प्रतिक्रिया म्हणून चिकटवून. शोधणारा माणूस आधीच वैतागलेला असतो, त्याला पहिला नंबर पुरतो. एक गोष्ट तर तिसरीतल्या पोरालाही पाठ हवी. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. आणि गेलेच, तर रडत बसण्याआधी १९३० लावायचा. सायबर फसवणुकीचा हा राष्ट्रीय क्रमांक आहे, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त.

आता खरा नंबर कुठे असतो? यासाठी ज्ञानी असायची गरज नाही, माझ्यासारखा झेरॉक्सवालाही वाचू शकेल असा कागद आहे: ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२०. २३ जुलै २०२० ला निघाले. मी सरळ छापून काउंटरवर ठेवलेत, या आणि बघा. प्रत्येक ऑनलाइन दुकानाने आपलं कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता, ग्राहक सेवेचा आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क आपल्याच साइटवर ठळकपणे दाखवायचा आहे. तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकालात काढायची. म्हणजे नंबर गावभर शोधायचा नसतोच. ज्या ॲपवरून घेतलं त्याच ॲपच्या आत तो असतो. ते सोडून बाहेर शोधा असं सांगणारा माणूस अभ्यासक असेल तर आमचा म्हापशाचा बाजारबैल प्रोफेसर आहे.

याच कागदाने पाचवा मुद्दाही निकालात निघतो. ‘माल कंपनीचाच’ म्हणे. नियमांत बाजार चालवणारा आणि माल विकणारा हे दोघे वेगळे धरलेत. बाजार चालवणाऱ्याने विकणाऱ्याचं नाव, पत्ता, संपर्क गिऱ्हाइकाला दाखवायचाच असतो. वस्तूच्या फोटोखाली बारीक अक्षरांत असतं, कुणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी. त्याहून गंमत म्हणजे परदेशी पैसा असलेल्या ऑनलाइन बाजाराला आपल्या देशात स्वतःच्या मालकीचा माल ठेवून थेट गिऱ्हाइकाला विकायची मुभाच नाही. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने ते आणखी कडक केलं, १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू. खाण्यापिण्याच्या मालाचं वेगळं आहे, ते सोडा. तर ज्या मालावर ‘डोळे झाकून विश्वास ठेवा’ म्हणतायत तो त्या कंपनीचा असायला कायद्याचीच आडकाठी आहे. म्हापशाच्या बाजारात मासळी खराब निघाली तर आपण पालिकेला धरतो की त्या बाईला? पालिकेलाही थोडं बोलतो, मान्य. पण बोंबील कुणाचे होते ते आधी बघतो.

आता पहिल्या मुद्द्यावर येतो, कारण हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे.

माझ्या दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘झेरॉक्स’ लिहिलंय. आत जे मशीन आहे ते त्या कंपनीचं नाही. कधीच नव्हतं. आजवर एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नाही की बोर्डावर एक आणि आत दुसरंच. कारण लोकांच्या तोंडी ‘झेरॉक्स’ हे आता कंपनीचं नाव राहिलेलं नाही, कामाचं नाव झालंय. ती कंपनी बिचारी वर्षानुवर्षं जाहिराती देऊन सांगत आली, आमचं नाव असं वापरू नका. आमच्याकडे कोण ऐकतंय! ‘दोन झेरॉक्स मार’ म्हणणाऱ्याला तुम्ही ‘छायाप्रत म्हणा’ सांगून बघा. तसंच डालड्याचं. तसंच कालनिर्णयचं. भिंतीवर बँकेने फुकट दिलेलं कॅलेंडर असतं, पण एकादशी कधी विचारलं की आई म्हणते, कालनिर्णय बघ. १९७३ मध्ये सुरू झालेली ती दिनदर्शिका. याला म्हणतात नाव घरात मुरणं. दुसऱ्याच्या मालालाही तेच नाव पडतं.

ॲमेझॉनचं तसं झालंय का? माझ्याकडे बघायला चांगली जागा आहे. आतल्या गावांतली पार्सलं डिलिव्हरीवाले माझ्याकडे टाकून जातात. नगरगावच्या बाजूला, म्हाऊसच्या बाजूला रेंज मिळत नाही, पत्ता म्हणून ‘वडाजवळचं घर’ लिहिलेलं, पोरं कुठे शोधणार? म्हणून पत्त्यात माझं दुकान. तीन फळ्या त्यातच जातात. एकाही माणसाने आजवर येऊन ‘माझं ॲमेझॉन आलं का’ विचारलेलं नाही. “भाऊ, पार्सल आयलां?” असं विचारतात. आम्ही बोलतो कोंकणीत, लिहितो-वाचतो मराठीत, आणि दोन्हींत शब्द ‘पार्सल’ आणि ‘ऑनलाइन’. ‘ऑनलायन मागयलां’ म्हणतात. कुठून, ते फोन उघडून बघावं लागतं. आणि माझ्या फळीवर मीशोच्या पिशव्याच जास्त दिसतात, बायकांचे कपडे, पोरांची खेळणी. हे सर्वेक्षण नव्हे, माझी फळी आहे. पण अभ्यासकांची तर फळीही नाही.

‘ॲमेझॉन कर’ असं मी एकदाच ऐकलंय, पुण्याहून आलेल्या भाच्याच्या तोंडून. पुण्यात म्हणत असतील.

बरं, एक कबूल करावं लागेल. मनाविरुद्ध करतो. आमच्या वाड्यातली नव्वदीची आजी पाठीवर मोठी बॅग घेऊन स्कूटरवर आलेल्या कुठल्याही पोराला ‘ॲमेझॉनवालो’ म्हणते. परवा तर बँकेचं चेकबुक घेऊन आलेल्या कुरियरवाल्यालाही तिने तेच म्हटलं. म्हणजे नाव मुरायला सुरुवात झालीय, तीही वस्तूला नव्हे, माणसाला चिकटून. अभ्यासकांनी हे लिहिलं असतं तर मी टाळी दिली असती. पण नाव माहीत असणं खरंच घरोघरी आहे, तेवढं त्यांचं अर्धं बरोबर. टीव्ही असलेल्या घरात ते नाव माहीत नसणार कसं?

त्यावरून तिसरा मुद्दा, ‘जाहिरात न करता’. हे वाचून मला खरंच हसू आलं. आयपीएल बघणाऱ्या माणसाच्या डोक्यातून ते ‘और दिखाओ’ अजून गेलेलं नाही. दसरा-दिवाळीच्या सेलला पेपरचं पहिलं पान शोधायला आत जावं लागतं. तोंडातोंडी म्हणे!

चौथ्यासाठी थोडं थांबतो, कारण यातही अर्धा दाणा सत्याचा आहे. नाव फार सर्रास झालं तर कंपनीच्या हातून जाऊ शकतं, हे खरं. अमेरिकेत ‘ॲस्पिरिन’चं १९२१ मध्ये तसं झालं. ‘एस्कलेटर’ हेही मुळात एका कंपनीचं नाव, १९५० मध्ये गेलं. पण हे आपोआप होत नाही आणि व्हॉट्सॲपवर जाहीर होऊन तर नाहीच. कुणी तरी कोर्टात जावं लागतं. गूगलचं बघा, ‘गूगल कर’ तर आमची मावशीही म्हणते. तिकडे एकाने गूगल हा शब्द घालून ७६३ वेबपत्ते घेऊन ठेवले, आणि तो व त्याचा एक साथीदार कोर्टात म्हणाले, हे आता क्रियापद झालंय, सगळ्यांचं आहे. २०१७ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, लोक क्रियापद म्हणून वापरतात म्हणून नाव जात नाही. सगळे शोधयंत्रांना सरसकट गूगल म्हणायला लागले तर वेगळी गोष्ट. आणि आपल्याकडे तर गंगा उलटी वाहते. आपल्या १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्यात ‘सुप्रसिद्ध’ नावाला जास्त संरक्षण आहे, कमी नाही. म्हणजे घरोघरी पोचलेलं नाव तुम्ही तुमच्या दुकानावर लावलंत तर नोटीस लवकर येईल. हा मुद्दा वाचून होंड्याच्या बाजूच्या एका पोराने मोबाइलच्या दुकानाला तसलंच नाव द्यायचं ठरवलंय आणि पाटीचं डिझाइन छापायला माझ्याकडे आला होता. मी छापलं नाही. कागद वाचायला दिला, रागावून गेला.

दुसरा मुद्दा एका ओळीचा आहे. फ्लिपकार्ट २००७ मध्ये बेंगळुरूत सुरू झालं, पुस्तकं विकत. दोन बन्सल, आडनाव एक, नातं नाही. माल हातात पडल्यावर पैसे द्यायची सोय त्यांनी २०१० मध्ये काढली, आणि आमच्यासारख्या संशयी लोकांना ऑनलाइनची सवय लावली ती त्या सोयीने. ॲमेझॉनची भारतातली साइट जून २०१३ ची. त्याच्याही कितीतरी आधी बाझी डॉट कॉम होतं, ते २००४ मध्ये ईबेने घेतलं. पहिली कोण, हे ठरवायला अभ्यासक लागत नाही, तारखा लागतात.

‘गोव्याचे बाजार संपले’ यावर काय बोलू? शुक्रवारी म्हापशाला जा आणि गाडी लावायला जागा शोधून दाखवा. चवथीच्या आदल्या दोन दिवसांत माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या छताचं, सामान घ्यायला या. कांगलां, कवंडाळां, सुपारीचे घड, आमच्याच सत्तरीतल्या रानातून जातात, आणि ती विकणाऱ्या बायकांना ॲप लागत नाही. कपडेवाल्यांना आणि मोबाइलवाल्यांना फटका बसलाय, तो खोटा नाही. मलाही बसलाय, वह्या-पेनं पोरं ऑनलाइन घेतात. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या मशीनचा टोनर मीसुद्धा ऑनलाइनच मागवतो, पणजीपेक्षा स्वस्त पडतो. त्यामुळे जास्त बोलत नाही.

हे सगळं मी त्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर थोडक्यात टाकलं. ज्या काकांनी मेसेज आधी पाठवला होता त्यांचं उत्तर आलं, “बाळा, नकारात्मक होऊ नये.” सोबत गुलाबाचं फूल.

मावशीचं यंत्र बाराव्या दिवशी आलं. माझ्याच फळीवर. ती घ्यायला आली तेव्हा मी खोक्यावरचं लेबल तिच्यासमोर धरलं. वर मोठं नाव, जे सगळ्यांना ठाऊक. खाली बारीक अक्षरांत विकणाऱ्याचं, राजकोटचा कुणी व्यापारी.

“हा कोण रे?”

“ज्याच्याकडून तू घेतलंस तो.”

“मला तर ठाऊकच नव्हतं.” मग जरा थांबून, “त्याचा नंबर?”

ॲपमध्येच आहे, म्हटलं, तू मागवलेल्या वस्तूच्या पानावर. मावशीने पिशवीतून चष्मा काढला, माझं स्टूल ओढलं आणि तिथेच बसून शोधायला लागली. मागे तिघे जण आधारकार्डाची झेरॉक्स काढायला उभे होते.